परळ लांब आहे, बार्शी जवळ आहे

कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो, 'टाटा'. मग परळ, मग फूटपाथवर बिऱ्हाड मांडलेले पेशंट. आज आपण सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला जाऊया. तिथं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे.

तालुक्याच्या गावी कॅन्सर हॉस्पिटल कशाला? रेडिएशनचंच बघा ना. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस जावं लागतं. मशीनखाली काही मिनिटंच, पण तेवढ्यासाठी मजुरी करणारी बाई महिनाभर मुंबईत राहणार कुठं? घरचं कोण बघणार? मग उपचार अर्ध्यावर सुटतात. हॉस्पिटल एसटीच्या टप्प्यात असणं हासुद्धा उपचारच आहे, असं मला वाटतं.

बार्शीनं अजून एक काम केलं. १९८७ साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. पेशंट येईल तेव्हा लिहू, असं नाही. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणं सांगितली. बायका लवकरच्या स्टेजला यायला लागल्या.

पुढं शेजारच्या उस्मानाबादमध्ये, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, टाटा आणि बार्शीच्या मदतीनं मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका! एका गटाची एचपीव्ही टेस्ट केली, तीही एकदाच. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. टेस्ट न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. त्या बायकांना टेस्ट का दिली नाही, यावर नंतर वादही झाला, आणि तो प्रश्न रास्तच होता. पण निकाल २००९ला छापून आला आणि जगानं वाचला.

आपल्या घरात मात्र हा विषय निघतच नाही. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, संबंधानंतर रक्त येणं, हे आई तुम्हाला आपणहून सांगणार नाही. मावशीला किंवा आशाताईला विचारायला लावा. यातलं काही असेल तर टेस्टची वाट बघू नका, थेट डॉक्टरला दाखवा.

आणि कॅन्सर निघालाच, तर हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते आधी विचारा. असेल तर तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन पहिल्यांदा तिकडं जा, बिलाच्या खिडकीवर नंतर.