विमा कंपनीला कोणती जोखीम आवडते?

जोखीम पत्करणें हाच ज्याचा धंदा, त्याला जोखमीची आवडनिवड कशाला, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. वाणी गिऱ्हाइकाचें घर पाहून मीठमिरची विकत नाहीं; मग विमा कंपनीनेंच घर पाहून, दुकान पाहून, माणूस पाहून विमा कां स्वीकारावा? एकाला ती पायघड्या घालते आणि त्याच्याच शेजाऱ्याला दारांतून परत पाठविते, हा अन्याय नव्हे काय? या प्रश्नाचें उत्तर धंद्याच्या जाड पुस्तकांत शोधण्यापेक्षां मुंबईच्या भोईवाड्यांत शोधावें. परळ, नायगांव आणि दादर यांच्या बेचक्यांत वसलेल्या या वस्तींत जुन्या चाळी आहेत, उंच मनोरे आहेत, मोठीं रुग्णालयें आहेत आणि हाकेच्या अंतरावर हिंदमात्याची कापडपेठ आहे. विमेवाल्याच्या तराजूंत जें जें घालावयाचें, तें बहुतेक सर्व येथें अर्ध्या कोसांत सांपडतें.

विमा कंपनी माल विकत नाहीं, वचन विकते. वाण्याला मिठाची खरेदी आधीं ठाऊक असते, मग तो भाव सांगतो. विमा कंपनीला भाव आज सांगावा लागतो आणि खरेदी मागाहून कळते. समजा, एकसारखीं एक हजार घरें आहेत, प्रत्येकाची किंमत दहा लाख रुपये आहे, आणि बहुत वर्षांच्या अनुभवानें असें दिसलें कीं, दर वर्षीं त्यांतील एक घर जळतें. मग प्रत्येक घरमालकानें एक हजार रुपये दिले म्हणजे जळालेलें घर पुन्हां उभें राहतें. कंपनीचा खर्च आणि नफा तेवढा वर. हा हिशेब शाळेंतील मुलालाहि करतां येईल. परंतु तो चार गोष्टींवर उभा आहे. घरें पुष्कळ आणि बहुतांशीं सारखीं असावींत. तीं एकाच वेळीं जळूं नयेत. आग अकस्मात् लागावी, ठरल्याप्रमाणें नव्हे. आणि आग लागली असतां मालकालाहि चटका बसावा. जी जोखीम या चार कसोट्यांस उतरते, ती कंपनीला आवडते. जोखीम लहान असावी असा तिचा आग्रह नसतो. ती मोजतां यावी, एवढेंच तिचें म्हणणें असतें.

पहिली मोजणी इमारतीची. १६६६ सालीं लंडन शहर जळालें. त्यानंतर निकोलस बार्बन नांवाच्या गृहस्थानें घरांच्या आगीचा विमा सुरू केला, तेव्हां विटांच्या घराला जो दर लावला, त्याच्या दुप्पट लांकडी घराला लावला. भोईवाड्यांत आजहि तोच न्याय चालतो. लांकडी जिना, लांकडी तुळया आणि जिन्याखालीं भंगार सामान असलेली चाळ पाहून कंपनीचा निरीक्षक कपाळाला आंठ्या घालतो. याच्या उलट, १९२० नंतरच्या दशकांत सरकारच्या विकास खात्यानें नायगांवला बांधलेल्या बी. डी. डी. चाळी सिमेंट-काँक्रीटच्या होत्या. खोल्या लहान, पण आगीला जिभल्या चाटावयास तेथें फारसें कांहीं नव्हतें. आतां त्या चाळींच्या जागीं मनोरे उभे राहत आहेत. मनोरा म्हटला म्हणजे निर्धास्त, असें मात्र कोणीं समजूं नये. २२ ऑगस्ट २०१८ रोजीं हिंदमात्याजवळच्या क्रिस्टल टॉवर या इमारतीला आग लागून चार माणसें दगावलीं, आणि इमारतीची अग्निशमन यंत्रणा निकामी असल्याचें अग्निशमन दलाला आढळून आलें. भिंत काँक्रीटची आहे कीं नाहीं, हें एकदां पाहिलें म्हणजे झालें. नळाला पाणी आहे कीं नाहीं, हें वरचेवर पाहावें लागतें. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें ही यंत्रणा चालू स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र दर वर्षीं जानेवारींत आणि जुलैंत देण्याचें बंधन मालकावर घातलें आहे. विमेवाला इमारतीच्या उंचीपेक्षां या कागदाकडे अधिक पाहतो.

दुसरी मोजणी पाण्याची. हिंदमात्याचा सखल भाग बशीसारखा आहे. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली कीं तेथें पाणी तुंबतें, हें मुंबईंतील पोराटोरांसहि ठाऊक आहे. तेथील तळमजल्यावरचा कापडवाला आणि त्याच इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहणारें कुटुंब यांचा पत्ता एकच; परंतु कंपनीच्या दृष्टीनें तीं दोन निराळीं जगें आहेत. तिसऱ्या मजल्यावर पाणी शिरणें हा अपघात. तळमजल्यावर पाणी शिरणें हें वेळापत्रक. जें दर पावसाळ्यांत होणार म्हणून दुकानदार स्वतःच गठ्ठे फळीवर चढवितो, त्याचा विमा देणें म्हणजे पैशाची अदलाबदल करणें होय. म्हणून कंपनी अशा ठिकाणीं नुकसानीचा पहिला हिस्सा दुकानदारावरच ठेवते, दर वाढविते, किंवा माल जमिनीपासून उंच ठेवण्याची अट घालते. महापालिकेनें २०२१ सालापासून या भागांतील पावसाचें पाणी साठविण्याकरितां जवळच्या मैदानांखालीं भूमिगत टाक्या बांधल्या. अशी एक टाकी दुकानदाराच्या दहा अर्जांपेक्षां त्याची जोखीम अधिक सुधारते.

तिसरी मोजणी गर्दीची. आणि एकाच शहरांत किंवा प्रांतांत धंदा करणाऱ्या कंपनीला हिचेंच भय सर्वांत मोठें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशीं कुलाब्याला अवघा ७३. ज्या कंपनीचीं सारीं विमापत्रें उपनगरांत, ती बुडाली. जिचीं शहरभर विखुरलेलीं, ती तरली, असाच या आंकड्यांचा अर्थ. मुंबईंत १९०७ सालीं इंडियन मर्कंटाईल आणि १९१९ सालीं सर दोराबजी टाटा यांची न्यू इंडिया अशा देशी कंपन्या निघाल्या, तेव्हांपासून प्रत्येकीला हा प्रश्न सोडवावा लागला. त्याचें उत्तर भोईवाड्याच्या नांवांतच आहे. भोई हे पालखी वाहणारे. जड पालखीला चार खांदे पुरत नाहींत, आठ लागतात. आणि वाट लांबची असेल तर खांदेपालट करणारी दुसरी जोडी बरोबर घ्यावी लागते. कंपनीहि एका रस्त्यावर आपल्या ताकदीपुरतेंच ओझें ठेवते आणि बाकीचें दुसऱ्या कंपन्यांच्या खांद्यावर देते. यालाच पुनर्विमा म्हणतात.

कांहीं ओझीं मात्र कोणालाच उचलवत नाहींत. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकिन ही बोट उडाली. तिच्यावर कापसाच्या गांठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. शेंकडों माणसें मेलीं आणि गोदीलगतची वस्ती बेचिराख झाली. सामान्य आगविम्याच्या चौकटींत तें नुकसान बसणारें नव्हतें. त्याच वर्षीं सरकारला भरपाईचा खास अध्यादेश काढावा लागला. पुढें २००१ सालच्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर परदेशी पुनर्विमेदारांनीं दहशतवादाच्या जोखमींतून अंग काढून घेतलें, तेव्हां एप्रिल २००२ मध्यें भारतांतील कंपन्यांनीं एकत्र निधि उभारून तें ओझें वांटून घेतलें. जें एकट्याला नकोसें असतें, तें सर्वांनीं मिळून घेतलें तर पेलतें.

चौथी मोजणी माणसाची, आणि ती सर्वांत नाजूक. ज्याच्या वह्या नीट, ज्याच्या गोदामांत विडी ओढण्यास मनाई, ज्याचें दुकान आज चाललें आहे, तो कंपनीला आवडतो. जुना माल पडून राहिलेला, कर्जांत रुतलेला आणि अचानक मोठ्या रकमेचा विमा मागणारा इसम तिला आवडत नाहीं. कारण ज्याला आग सोयीची, त्याच्याकडे आग लागण्याचा संभव अधिक. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी पत्करण्याच्या विम्यांतहि हाच भेद दिसतो. १९२३ च्या कायद्यानें कामगाराच्या अपघाताची भरपाई कशी काढावयाची तें ठरवून दिलें, म्हणून गिरणीमालकाची ती जबाबदारी कंपनीला मोजतां आली. उलट, मोटारीनें जखमी झालेल्या तिऱ्हाइताचा दावा वर्षानुवर्षें चालतो आणि भरपाई किती होईल तें न्यायाधीशाच्या निकालानंतरच कळतें. हा विमा १९४६ पासून सक्तीचा आहे. आणि आज त्याचा दरहि कंपनी ठरवीत नाहीं, सरकार ठरवितें. आवड बाजूस ठेवून पत्करावयाची जोखीम ती ही.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. १ जानेवारी २००७ पर्यंत आगीच्या विम्याचे दर एका मध्यवर्ती समितीनें बांधून दिलेले असत. ते बंधन सुटल्यापासून चांगल्या जोखमीला दर उतरला आणि वाईट जोखमीला दार अरुंद झालें. हा अन्याय आहे काय? कंपनी जी गोष्ट नापसंत करते ती मालकाच्या हातीं सुधारण्यासारखी असेल, तर हा अन्याय नव्हे, तो इशारा आहे. जिना मोकळा करणें, जुनी वीजतार बदलणें, गठ्ठे उंचावर ठेवणें हें ज्याचें त्यानें करावयाचें. परंतु रस्ता सखल आहे, नाला अरुंद आहे, चाळीची दुरुस्ती पागडीच्या भांडणांत वर्षानुवर्षें अडकली आहे, हा एकट्या भाडेकरूचा दोष नव्हे. तेथें विमेवाला "नको" म्हणतो तेव्हां तो शब्द खरोखर नगरपालिकेला आणि सरकारला उद्देशून असतो; तो ऐकावयाचा त्यांनीं.

आणि गंमत अशी कीं, विमा कंपनीला जी जोखीम सर्वांत प्रिय, तीच दारीं येत नाहीं. वरच्या मजल्यावरचें साधें, नीटनेटकें बिऱ्हाड, तेंच. घर भाड्याचें, मग विमा कशाचा, असें भाडेकरू म्हणतो. पण कपाट, शिवणयंत्र, भांडीं, मुलांचीं पुस्तकें त्याचींच असतात आणि त्यांचा विमा त्याला स्वतःच्या नांवें घेतां येतो. किंमत कमी सांगून हप्ता वांचविण्याचा मोह मात्र टाळावा. सामान्य आगविम्यांत दहा लाखांच्या मालाचा पांच लाखांचाच विमा असेल, तर चार लाखांच्या नुकसानीला दोनच लाख मिळतात. एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांनीं द्यावयाच्या भारत गृह रक्षा या विमापत्रांत घरांपुरती ही कात्री काढून टाकलेली आहे. ज्याला आज विमा सहज मिळतो, त्यानें तो घ्यावा. कारण असे पुष्कळ जण हप्ता भरूं लागले, तरच हिंदमात्याच्या तळमजल्यावरील दुकानदारालाहि परवडेल असा दर कोणी तरी सांगूं शकेल.