सायनसचे दुर्बिणीचे ऑपरेशन : समज आणि गैरसमज

(संस्थेच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून. तेव्हा अशा विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आमचा अधिकार एवढाच की, ज्या गैरसमजांविषयी आज बोलायचे आहे ते सर्वच्या सर्व आम्ही स्वतः दहा वर्षे उराशी बाळगले होते आणि त्यांची किंमतही आम्हीच मोजली.

२०१२ च्या सुमारास आमचे नाक चोंदू लागले. डोके जड, घशात सतत कफ उतरणारा, रात्री तोंडाने श्वास. औषधाच्या दुकानातून नाकात घालायचे थेंब आणावेत आणि दिवस ढकलावा, असे चालले होते. पुढे वास येईनासा झाला. भाजीला चव लागेना. तरीही ऑपरेशनचे नाव कोणी काढले की आम्ही विषय बदलत असू.

डिसेंबर २०२१ मधील एका संध्याकाळी आम्ही घरी एकटेच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. आमची कन्या शिकवणीहून आली आणि दारातूनच ओरडली, "बाबा, गॅस!" स्वयंपाकघरात शेगडीचे बटन अर्धवट उघडे राहिले होते. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. तो वास जिन्यापर्यंत गेला होता, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी मुलीने येऊन दिव्याचे बटन दाबले असते तर, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे जाण्याचे ठरविले.

पहिला गैरसमज नावातच आहे. आपण म्हणतो, "मला सायनस झाला." सायनस हा रोग नव्हे. कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे खोलवर ज्या हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. त्या प्रत्येकाला असतात. त्यांच्या अस्तराला सूज येते तेव्हा रोग होतो. साधी सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते. नाक चोंदणे, घट्ट स्राव, चेहऱ्यावर दाब, वास जाणे अशा तक्रारी १२ आठवडे किंवा अधिक टिकल्या आणि तपासणीत सूज दिसली, तर तो जुनाट आजार समजतात. आणखी एक गोष्ट. ज्याला आपण सायनसची डोकेदुखी म्हणतो ती पुष्कळदा अर्धशिशी असते. नाकात काही दोष नसताना केवळ डोकेदुखीसाठी नाकाचे ऑपरेशन करून घेणे म्हणजे एकाच्या खात्याची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात भरण्यासारखे आहे.

दुसरा गैरसमज : "नाकाचे हाड वाढले आहे, मांस वाढले आहे, ते कापले की झाले." हाड वाढले असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा नाकाच्या मधला पडदा एका बाजूला वाकलेला असतो. थोडासा वाक तर कित्येकांना असतो आणि त्याचा काही त्रासही होत नाही. मांस म्हणतो ते कधी ॲलर्जीने सुजलेले नाकातील नैसर्गिक उंचवटे असतात, तर कधी पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराचे द्राक्षासारखे फिकट घोस. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आणि तिन्हींचे उपायही वेगळे. वरची दाढ किडल्यामुळे गालातील पोकळीत पू झाल्याचेही आढळते. विशेषतः एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर दात दाखविलेच पाहिजेत.

तिसरा गैरसमज : "चेहरा फाडतात, गालाला भोक पाडतात." याला जुना आधार आहे. अमेरिकेत कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि फ्रान्समध्ये लूक यांनी १८९७ मध्ये सांगितलेल्या पद्धतीत वरच्या ओठाखाली चीर देऊन, गालाच्या हाडातून पोकळीत शिरून आतील अस्तर खरवडीत असत. आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेल्या गोष्टी त्या काळच्या.

पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून एक महत्त्वाची गोष्ट पाहिली. पोकळीतील अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस स्राव सदैव तिच्या नैसर्गिक दाराकडेच ढकलतात. खाली दुसरे भोक पाडून ठेवले तरी स्राव त्याला वळसा घालून जुन्याच दाराकडे जातो. म्हणजे नवे दार पाडण्यापेक्षा जुने दार मोकळे करणे महत्त्वाचे. ग्राझचे स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी १९८५ च्या सुमारास ही पद्धत जगभर नेली. सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत जाते. चेहऱ्यावर चीर नाही, टाके नाहीत, नाकाचा आकारही बदलत नाही.

चौथा गैरसमज भीतीचा आहे : "नाकाचे ऑपरेशन म्हणजे डोळा गेलाच." २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, पसरला. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण फार मोठ्या संख्येने होते. त्यांच्या नाकाची दुर्बिणीतून ऑपरेशने झाली आणि कित्येकांचे डोळे काढावे लागले, हे आपण सर्वांनी ऐकले. आमच्या मातोश्रींनी तर शपथच घातली होती. परंतु त्या रुग्णांचे डोळे दुर्बिणीने गेले नव्हते. ती बुरशीच रक्तवाहिन्यांत शिरून डोळ्यापर्यंत पोचली होती, आणि ऑपरेशन होते ते जीव वाचविण्यासाठी. तो आजार वेगळा, आपले जुनाट सायनस वेगळे.

मात्र धोका मुळीच नाही, असे सांगणेही खोटे ठरेल. डोळा आणि मेंदू या पोकळ्यांच्या अगदी शेजारी, पातळ हाडापलीकडे असतात. गंभीर इजा शेकडा एकाहूनही कमी जणांना होते, परंतु होते. म्हणूनच ऑपरेशनपूर्वी सीटी स्कॅन काढून आतील नकाशा पाहतात. अनुभवी सर्जन निवडणे आणि त्यांना मोकळेपणाने प्रश्न विचारणे यात संकोच कसला? आपण दहा हजारांची ठेव ठेवताना चार प्रश्न विचारतो, येथे तर आपलाच देह आहे.

पाचवा गैरसमज नव्या काळातला : "आता फुगा आला आहे, कापाकापीच नको." अमेरिकेत या फुग्याला २००५ मध्ये परवानगी मिळाली. बारीक तारेवरून एक लहान फुगा पोकळीच्या दारात नेतात, काही सेकंद फुगवून दार रुंद करतात आणि लगेच काढून घेतात. हृदयाच्या स्टेंटप्रमाणे तो आत राहत नाही. योग्य रुग्णाला त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु दार रुंद करणे एवढेच फुग्याचे काम. आतले पॉलिप तो काढू शकत नाही, आणि डोळ्यांच्या मधल्या मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान पोकळ्यांत त्याचा उपयोग नाही. एक जाहिरात वाचून आम्हीही मोठ्या आशेने फुग्याची चौकशी केली. तेथील डॉक्टरांनी स्कॅन पाहून स्पष्ट सांगितले, "तुमच्या नाकात पॉलिप आहेत. फुग्याने तुमचे पैसे जातील, आजार जाणार नाही." त्या प्रामाणिक शब्दांचे ऋण आम्ही मानतो.

सहावा गैरसमज दोन तोंडांचा आहे. कोणी म्हणतो, "एकदा केले की जन्माची कटकट मिटली." दुसरा म्हणतो, "पुन्हा होतेच, मग करायचे कशाला?" दोघेही चुकतात. ऑपरेशनने दार उघडते, ॲलर्जीचा स्वभाव बदलत नाही. पॉलिप पुन्हा येऊ शकतात. म्हणून मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा पुढेही चालू ठेवावा लागतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर ही एकरकमी परतफेड नव्हे. मुद्दलाचा मोठा भाग फिटतो, हप्ते मात्र नियमित भरावे लागतात.

सातवा गैरसमज त्या फवाऱ्याविषयीच आहे. स्टेरॉइड म्हटले की लोक घाबरतात आणि दुकानातले नाक मोकळे करणारे थेंब मात्र वर्षानुवर्षे बिनदिक्कत घालतात. वस्तुस्थिती उलट आहे. फवाऱ्यातील औषध अगदी अल्प असते आणि मुख्यतः नाकापुरते काम करते. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मात्र चार-पाच दिवसांपेक्षा अधिक घातले, तर त्यांचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि माणूस त्या बाटलीचा गुलाम होतो. आम्ही झालो होतो. नाक धुण्यासाठी पाणी नळाचे तसेच घेऊ नये. उकळून गार केलेलेच घ्यावे, कारण कच्च्या पाण्यातील जंतू नाकावाटे गेल्यास जीवघेणे ठरू शकतात.

२०२२ मध्ये आमचे ऑपरेशन झाले. पूर्ण भूल होती, दुसऱ्या दिवशी घरी आलो. काही दिवस रक्तमिश्रित स्राव, नाकात खपल्या, काही आठवडे तपासणीच्या फेऱ्या, हे सोसावे लागले. वास एकदम आला नाही. दोन महिन्यांनी एका सकाळी पत्नीने फोडणी दिली आणि आम्ही अंथरुणातून विचारले, "आज लसूण जळाला का?" घरात सगळे हसले आणि आमचे डोळे मात्र भरून आले. पूर्वीइतका वास आजही येत नाही. पण गॅसचा येतो.

खर्चाच्या धास्तीने कोणी थांबू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही ऑपरेशने होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. आपले ऑपरेशन त्यात बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. सर्वांनाच ऑपरेशन लागते असेही नाही. पुष्कळांचे धुण्याने आणि फवाऱ्याने भागते. मात्र डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, तीव्र डोकेदुखीसह ताप किंवा मान ताठरणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांचे आई-वडील अशीच बाटली खिशात घेऊन कामावर जात असतील. त्यांना भीती आहे हे ते कबूल करणार नाहीत. आम्हीही केले नव्हते. तुम्ही शिकलेले आहात. ऐकीव गोष्ट तपासून घ्या, त्यांचा हात धरून तपासणीला न्या. आमच्या मुलीने दारातून मारलेली ती हाक आम्हाला जागे करून गेली. प्रत्येक घरात हाक वेळेवर येईलच असे नाही.