पाटी एक, पत्ते अनेक

दवाखान्याच्या जुन्या दारावर कधी कधी चिठ्ठी दिसते : 'डॉक्टर आता समोरच्या इमारतीत बसतात.' संगणकातली सिम्बॉलिक लिंक ही अशीच चिठ्ठी. तिच्यात फाइल नसते, फाइलचा पत्ता असतो. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ही सोय १९८३ साली आली.

आता समजा, वाचणारा बदलला की चिठ्ठीतला पत्ताही बदलला, तर? काही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे खरोखरच होते.

याची गरज पाहा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकात आयबीएमच्या साहाय्याने अँड्र्यू प्रकल्प चालला. साऱ्या आवाराला फाइलींचे एकच भांडार हवे होते. पण यंत्रे नाना तऱ्हांची, आणि एका प्रोसेसरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नाही. या प्रकल्पातून निघालेल्या एएफएस प्रणालीत पत्त्यामध्ये 'ॲट-सिस' असा शब्द लिहिता येतो. फाइल उघडताना प्रत्येक यंत्र त्या जागी आपल्या जातीचे नाव घालते आणि आपापल्या कप्प्यात जाते. नव्या जातीचे यंत्र आले, तर कप्पा एक वाढवायचा. वापरणाऱ्यांना काही शिकवावे लागत नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

अपोलो कंपनीच्या संगणकांवरही अशा लिंक होत्या. नेटबीएसडीमध्ये ही सोय आहे. मात्र ती मुद्दाम चालू करावी लागते. ड्रॅगनफ्लाय बीएसडी आणखी पुढे जाते. तिथे पत्त्यातला बदलता भाग साऱ्या यंत्रासाठी, एका माणसासाठी किंवा एकाच चालू प्रोग्रामपुरता ठरवता येतो. एकाने नवी आवृत्ती तपासावी, बाकीच्यांनी जुनीवर निर्धास्त काम करावे.

धोकाही इथेच आहे. दोघे फोनवर एकाच नावाच्या फाइलविषयी बोलतात आणि पाहतात मात्र वेगवेगळ्या फाइली! त्याहून वाईट म्हणजे, विशेष अधिकार असलेल्या प्रोग्रामला कोणी भलत्याच दारी नेऊ शकेल. म्हणून यंत्राची जात यंत्रानेच सांगावी, हे मला पटते. माणसाच्या हाती ही किल्ली देताना मी हात आखडता घेईन.

लिनक्सने बराचसा हाच हेतू दुसऱ्या वाटेने साधला. २००२पासून तिथे प्रत्येक प्रोग्रामला फाइलींचे निराळे दालन दाखवता येते.

एएफएसवर काम करताना शंका आलीच, तर 'एफएस सिसनेम' ही आज्ञा द्यावी. आपले यंत्र त्या मोकळ्या जागी कोणते नाव घालते, ते लगेच कळते.