संरक्षणाचे शिक्षण : आपल्या मुलामुलींसाठी एक वाट

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, चिंचोळी औद्योगिक वसाहतीत, विद्यार्थी-सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



अशा वेळी मुलांना डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा, असा उपदेश करण्याची वहिवाट आहे. ती मी आज थोडी मोडणार आहे. कायद्याची अंमलबजावणी व सार्वजनिक सुरक्षितता हाही एक अभ्यासाचा विषय आहे आणि तो आपल्या मुलामुलींनी अभ्यासावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा विषय मी येथेच का काढला, असे आपण विचाराल. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने याच चिंचोळी वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घातला. तेथे मेफेड्रोन हे मादक विष तयार होत होते. आपण रोज त्याच रस्त्याने कामावर जात होतो, आणि आपणांस त्याचा पत्ताही नव्हता. पुढे १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागली व आठ जीव गेले. टॉवेल आणि चादर यांवर ज्या शहराची चूल पेटते, त्या शहरातील कोणते घर त्या दिवशी हळहळले नसेल? एकीकडे गुन्हा, दुसरीकडे अपघात. परंतु दोन्हींच्या मुळाशी जाणत्या माणसांची उणीव आहे.

कायदाही येथे आपणांस अपुरा पडतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती केली, ती सामान्यतः हजार वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना. २०२० च्या संहितेने ही मर्यादा पाचशेवर आणली. पण ज्यांच्याकडे वीस-पंचवीस माणसे राबतात, अशा लहान कारखानदारांचे काय? महाराष्ट्राच्या २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याप्रमाणे अग्निशमनाची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावयाचे असते. तो कागद केवळ दप्तरी राहावा की त्यामागे खरोखर तपासलेली नळी आणि मोकळा दरवाजा असावा, हे जाणणारा माणूस कारखान्यात असला पाहिजे. तो आपलाच मुलगा का असू नये?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपले वडीलधारे सांगत आले. सोलापूरकरांना तर त्यास कारणही होते. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यास फाशी देण्यात आले. त्या काळी खाकी वर्दी परक्याची होती. आज कायदा आपला आहे, वर्दी आपली आहे. मग तिच्याविषयीची जुनी भीती मात्र आपण का जपावी?

पोलिसाचे काम शिकून करावयाचे असते, हा विचारही जुनाच आहे. अमेरिकेत बर्कली येथे ऑगस्ट व्होल्मर या पोलीसप्रमुखाने १९०८ साली आपल्या शिपायांसाठी शाळा काढली. आज तेथील दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत सामान्य घरची मुले हा विषय शिकतात. आपल्याकडेही साधने कमी नाहीत. नाशिकच्या पोलीस अकादमीचा पाया १९०६ साली घातला गेला. १९५६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय पुढील वर्षी नागपुरास आले. न्यायसहायक विज्ञान शिकविणाऱ्या शासकीय संस्था मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी तज्ज्ञाने जाण्याची तरतूद केली आहे. म्हणजे या विद्येची गरज वाढणारच. आणि पुणे रस्त्यावर येथे येताना केगावचे पोलीस प्रशिक्षण केंद्र आपण सर्वांनीच पाहिले असेल.

शिपायाच्या भरतीस बारावी उत्तीर्ण असावे लागते. मैदानी परीक्षा पन्नास गुणांची, लेखी शंभरांची. मुले पहाटे धावण्याचा सराव नेटाने करतात, पण लेखी परीक्षेच्या अभ्यासास बसण्याचा कंटाळा करतात, आणि तेथेच मागे पडतात.

गतवर्षी आपल्या ज्ञातीतील एक मुलगी मजकडे आली होती. तिला भरतीस उभे राहावयाचे होते, वडील म्हणत, “रात्रीअपरात्रीची नोकरी, उद्या स्थळ कोण देईल?” मी त्यांना मुळेगाव तांड्याची हकीगत सांगितली. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. हातभट्ट्या फोडून त्या थांबल्या नाहीत. दारू गाळणाऱ्या कुटुंबांना शिवणकामासारखा सचोटीचा रोजगार मिळावा म्हणून त्या झटल्या. दंडुक्याने जे वर्षानुवर्षे साधले नाही, ते विचाराने साधू लागले. वडील निरुत्तर झाले. मुलगी आज सराव करीत आहे.

आता एक कटु गोष्ट सांगतो. राग मानू नये. आपला मुलगा फौजदार झाला की आपली कामे होतील, अशी आशा कोणी मनात धरीत असेल, तर त्याने ती येथेच सोडावी. ज्ञातिसंस्थेने मुलास शिकवावे, हे तिचे कर्तव्य होय; परंतु वर्दी अंगावर चढली की ज्ञाती घराच्या उंबरठ्याच्या आतच राहिली पाहिजे. १९३१ चे ते चार हुतात्मे एका जातीचे वा एका धर्माचे नव्हते, हे सोलापूरकरास निराळे सांगावयास नको. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या पोलीस दलाच्या ब्रीदात सज्जनाची जात विचारलेली नाही, खलाचीही नाही.

कार्यकारी मंडळास माझी नम्र विनंती आहे, की शिष्यवृत्ती निधीतून प्रतिवर्षी निदान एक मुलगा व एक मुलगी यांस या विद्येसाठी साहाय्य द्यावे. आणि ज्ञातीतील कारखानदार बंधूंनी वर्षातून एक दिवस आपले कारखाने या विद्यार्थ्यांस तपासू द्यावेत. उणे निघाले तर ते घरच्या माणसाने दाखविलेले उणे समजावे, व त्याच आठवड्यात दूर करावे.