नावांची वही आपल्याच घरात

(बारामती येथील वार्षिक सभेत केलेले भाषण)



तुम्ही दिलेल्या जुन्या संगणकाचे काय झाले, ते सांगायला मी उभा आहे. तो बारामतीच्या कार्यालयात कपाटाशेजारी रात्रंदिवस चालू असतो, आणि इंदापूर तालुक्यातील पारधी वस्त्यांवर जाणारे आपले कार्यकर्ते त्याच्यावर विसंबून असतात.

गेल्या वर्षी एका मुलीच्या जातीच्या दाखल्याची तारीख चुकली. तारीख लिहिलेली होती, पण बारामतीच्या वहीत. तिच्या घरी जाणारा कार्यकर्ता इंदापूरला, सुमारे ५० किलोमीटरवर. मुलीची आई म्हणाली, "दादा, आम्ही आलो असतो की. कुणी सांगितलंच नाही." माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा ठरवले, सर्वांचे कॅलेंडर एक, पत्त्यांची यादी एक, ईमेलची व्यवस्थाही एक. अशा सोयीला ग्रुपवेअर म्हणतात. काहींनी विचारले, फुकटच्या सेवा असताना स्वतःचा सर्व्हर कशाला? कारण ही नावे कोणाची आहेत ते आठवा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी कितीतरी जमातींची नावे पोलिसांच्या नोंदवहीत गेली. माणसांना हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण पारधी घरांत यादीची धास्ती अजून आहे. त्यांनी विश्वासाने सांगितलेली नावे आपल्याच घरात, आपल्याच कुलपाखाली असावीत.

संगणकावर आम्ही डेबियन हे लिनक्स घातले. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळत आले आहेत. पण पहिल्या खेपेस मी घाई केली. डेबियनच्या भांडारातले सोडून, ग्रुपवेअरचे एक तयार पॅकेज बाहेरून आणून बसवले. दोन महिने चालले. मग डेबियनची नवी आवृत्ती चढवली आणि कॅलेंडर उघडेना. ते पॅकेज जुन्या आवृत्तीसाठी बांधलेले होते. त्या आठवड्यात पुन्हा वह्या बाहेर निघाल्या. चूक माझी होती.

दुसऱ्यांदा सरळ वाट धरली. सोगो नावाचे ग्रुपवेअर डेबियन १२ च्या स्वतःच्या भांडारात आहे. ॲप्टला सांगितले की ते भांडाराची डिजिटल सही तपासते आणि सोगोला लागणारी बाकीची पॅकेजेही आणते. पण आचारी आला म्हणजे पंगत बसत नाही! नोंदींसाठी पोस्टग्रेस, टपाल नेण्या-आणण्यासाठी पोस्टफिक्स, टपालपेट्या सांभाळायला डोव्हकॉट आणि दारावर अपाचे, या चौघांची सोगोशी गाठ घालून द्यावी लागते. डेटाबेस बनवतानाच यूटीएफ-८ निवडले, म्हणून नावे देवनागरीत नीट राहतात. हे सारे आधी दुसऱ्या एका संगणकावर करून पाहिले, प्रत्येक पायरी वहीत लिहिली, मगच खऱ्यावर केले.

आता इंदापूरच्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवर तारीख आदल्या दिवशी वाजते. ज्याची वस्ती त्यालाच तिच्या नोंदी दिसतात. रोज रात्री सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडते का, ते मी पाहतो. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

दोन विनंत्या करतो. वीज गेली की सर्व्हर बंद पडतो. इन्व्हर्टरला नवी बॅटरी हवी. आणि आपल्या तरुणांपैकी दोघांनी हे काम माझ्याकडून शिकून घ्यावे. आज सगळे एकट्या माझ्या डोक्यात आणि एका वहीत आहे. पुन्हा एकाच वहीवर सगळे टाकले तर आपण काहीच शिकलो नाही.

त्या मुलीला नवी तारीख मिळाली. नव्या कॅलेंडरातली पहिली नोंद तिचीच आहे, आणि त्या दिवशी मी स्वतः तिच्यासोबत जाणार आहे.