खाणकामगारांना सापडलेली स्फटिकगुहा



माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते संघटनेच्या कामात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा आज मी बोलतो आहे तो पंडित म्हणून नव्हे, कामगारांचा माणूस म्हणून.

मेक्सिकोच्या चिवावा प्रांतात नायका नावाचे गाव आहे. तेथल्या चुनखडीच्या डोंगरात शिसे, जस्त आणि चांदी यांची खाण होती. १९१० साली सुमारे १२० मीटर खोलीवर कामगारांना एक गुहा लागली. भिंतींवर तलवारींसारखे स्फटिक, म्हणून ती 'तलवारींची गुहा' ठरली. पुढे २००० साली, सुमारे ३०० मीटर खाली बोगदा खोदताना, दुसरी लागली. तिच्यात जिप्समचे अर्धपारदर्शक स्फटिक तुळयांसारखे आडवेतिडवे पडलेले; सर्वांत मोठा अकरा मीटरहून लांब!

हे घडले कसे? खोल जमिनीत तप्त शिलारस होता. त्याने तापलेले, खनिजांनी भरलेले पाणी गुहेत साचून राहिले. ते निवत निवत ५८ अंश सेल्सिअसच्या जवळ आले, तेव्हा ॲनहायड्राइट विरघळून त्याचे जिप्सम जमू लागले. लाखो वर्षे ही उष्णता फारशी बदलली नाही. म्हणून थोडेच स्फटिक जन्मले आणि ते वाढत राहिले. वरची गुहा लवकर निवली, तेथले स्फटिक लहान राहिले.

खाणीतले पाणी पंपांनी उपसले, म्हणून गुहा दिसली. आणि पाणी गेले, म्हणूनच स्फटिकांची वाढ थांबली. आतली हवा तशीच तापलेली आणि दमट. शास्त्रज्ञ पुढे बर्फ भरलेला पोशाख घालून आत जात, आणि तरीही तासाभरात बाहेर येत. पहिल्यांदा आत डोकावणाऱ्या कामगाराजवळ असा पोशाख नव्हता.

२०१५ साली खाणीत पाणी शिरले, काम बंद पडले आणि गुहा पुन्हा पाण्याखाली गेली.

या गुहेविषयी बहुधा लिहितात, 'कामगारांना ती अचानक सापडली.' मित्रहो, तीनशे मीटर खाली, अशा उष्म्यात, रोज खडक फोडणाऱ्याला जे सापडते ते अचानक कसे? शास्त्रज्ञांचे श्रेय मी कमी करीत नाही. स्फटिकांचे वय त्यांनीच सांगितले. परंतु सांगण्याजोगे काही आहे, हे प्रथम कामगाराने पाहिले. माझे मागणे लहान आहे. त्या वाक्यातला 'अचानक' हा शब्द तेवढा खोडा.