सुईच्या बदल्यात सुई

 ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वतीने या परिषदेत पहिलं स्वागत पिअर कार्यकर्त्यांचं, म्हणजे स्वतः नशेतून गेलेल्या आणि आता नशा करणाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या सोबत्यांचं. सकाळची फेरी आटोपून, खांद्यावरची पिशवी घेऊनच ते सभागृहात आले आहेत.

ठाण्याने २०१० साली आणि डोंबिवलीने २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पाहुण्यांना आपल्या घरी बोलावलं. आजचा विषय दिवाणखान्यात बोलला जाणारा नाही. पण सुईने नशा घेणारी मुलं याच शहरांच्या घरांतून बाहेर पडली आहेत, आणि पुलाखाली पाय पोटाशी घेऊन झोपणारा माणूस याच शहरांचा रहिवासी आहे. म्हणून आजचं अगत्य तितकंच आहे, काकणभर जास्तच आहे.

सुई बदलून देण्याचं काम सुरू झालं ते नशा करणाऱ्यांच्याच पुढाकाराने. १९८४ साली ॲमस्टरडॅममध्ये कावीळ बी झपाट्याने पसरत होती, तेव्हा तिथल्या नशा करणाऱ्यांच्या संघटनेने आरोग्य खात्याला सोबत घेऊन वापरलेल्या सुईच्या बदल्यात नवी सुई द्यायला सुरुवात केली. त्याच काळात स्कॉटलंडमधल्या एडिंबरात याच्या अगदी उलट घडलं. पोलीस सिरिंज जप्त करू लागले, औषधविक्रेत्यांनी त्या विकणं थांबवलं, आणि एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरली. १९८६ साली तिथल्या एका दवाखान्यात तपासलेल्या, सुईने नशा घेणाऱ्यांपैकी निम्म्या जणांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. ग्लासगो तिथून पाऊणशे किलोमीटरवर, म्हणजे ठाण्याहून कर्जतच्या थोडं पुढे. तिथे हे प्रमाण कितीतरी कमी होतं.

आपल्या देशात ही आग आधी मणिपूरला लागली. १९८९-९० च्या काही महिन्यांतच तिथल्या सुईने नशा घेणाऱ्यांमधली लागण शून्यावरून निम्म्यापर्यंत गेली. इंफाळमध्ये व्यसनातून बाहेर पडलेल्या मुलांनी ‘सासो’ ही संस्था उभी केली आणि आपल्याच जुन्या साथीदारांचा शोध घेतला. १९९६ मध्ये राज्य सरकारने एड्सविषयक धोरणात हार्म रिडक्शनला, म्हणजे नशा सुटली नाही तरी तिच्यातून होणारी हानी कमी करण्याला, जागा दिली. दिल्लीतल्या राष्ट्रीय कार्यक्रमाला त्याच वाटेवर यायला २००७ साल उजाडलं.

महाराष्ट्रात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आला तो पन्नीवरून. पुडी, चांदीचा कागद, खाली काडी. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं तेव्हा मध्यमवर्गाला खडबडून जाग आली. डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. स्वतः व्यसनातून बाहेर आलेला माणूस दुसऱ्याशी ज्या भाषेत बोलतो ती डॉक्टरांनाही येत नाही, हे मराठी समाजाला दाखवलं ते मुक्तांगणने. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू करून मनाच्या आजारांवर उघड बोलण्याची सवय लावली. मुंबईत १९९५ पासून ‘संकल्प’ ही संस्था रस्त्यावरच्या नशा करणाऱ्यांसोबत आहे. पन्नीवरून सुईवर जाण्यामागचं गणित अगदी साधं आहे: पुडी महागली, भेसळ वाढली, की तेवढ्याच मालात जास्त असर सुईने मिळतो.

आता पिअरच्या पिशवीत डोकावू. नव्या सिरिंज, स्पिरिटचे बोळे, मलमपट्टीचं सामान, आणि टोचणार नाही असा जाड प्लास्टिकचा डबा. रुळांकडेच्या पडक्या भिंतीआड तो उकिडवा बसतो. ‘किती आणल्यास?’ समोरचा खिशातून तीन काढतो आणि स्वतःच्या हाताने डब्यात टाकतो. मग दुसरा प्रश्न, ‘हात दाखव.’ कोपराच्या खोबणीत लाल, गरम गाठ असते. आजच पू काढला नाही तर पुढच्या आठवड्यात हात सुजून रुग्णालयात न्यावं लागेल, हे पिअरला ठाऊक असतं, कारण तसाच व्रण त्याच्या दंडावर असतो. रस्त्यावरचे लोक ‘गर्दुल्ला’ म्हणून हाकलतात, तिथे हा ‘भाई’ म्हणून हाक मारतो. डब्यात गेलेली प्रत्येक सुई सफाई कामगाराच्या, कचरा वेचणाऱ्या बाईच्या आणि अनवाणी पोराच्या पायाखालून उचललेली असते. नव्या सुया वाटल्याने नशा वाढते म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हा डबा उघडून दाखवावा.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा घेतात. २०१७ च्या सर्वेक्षणात त्यांच्यातलं एचआयव्हीचं प्रमाण ६.२६ टक्के निघालं. त्याच वर्षी देशातल्या प्रौढांमध्ये ते ०.२२ टक्के होतं. सरकारी आखणीत साधारण चाळीस जणांमागे एक पिअर. त्या एकाला ते चाळीसही जण नावानिशी, झोपायच्या जागेनिशी माहीत असतात.

कायदाही पिअरच्या बाजूने आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हा गुन्हा आहे, हे खरं. पण १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम २२ मध्ये नेमकं उदाहरणच दिलं आहे: वापरलेल्या सुईच्या बदल्यात स्वच्छ सुई देणारा आणि घेणारा, दोघांवरही कारवाई होऊ शकत नाही. कायद्याचं हे पान गस्तीवरच्या शिपायापर्यंत आणि रेल्वे पोलिसांपर्यंत पोचलं पाहिजे, असा स्वागत समितीचा आग्रह आहे. पिशवीत सिरिंज सापडली म्हणून पिअरला चौकीत बसवलं, तर त्या दिवशी चाळीस माणसं त्याची वाट पाहत राहतात.

दुसरा आग्रह मानधनाचा. आठवड्याचे सहा दिवस ऊन-पावसात फिरणाऱ्याला ‘स्वयंसेवक’ म्हणून चहापाण्यापुरते पैसे देऊन वाटेला लावणं शोभत नाही. तो आरोग्य कर्मचारी आहे. त्याला कावीळ बीची लस, ओळखपत्र आणि वेळेवर पगार हवा. कावीळ सीवरचं औषध २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. त्या रांगेपर्यंत रुग्णाला हात धरून नेणाराही तोच असतो.

परिषदेत जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे गर्दसारख्या नशेऐवजी दिल्या जाणाऱ्या पर्यायी औषधोपचारावर (ओएसटी), बरीच चर्चा होईल. ही गोळी सहसा रोज केंद्रात जाऊन, कर्मचाऱ्यासमोर घ्यावी लागते. सभागृहातल्या काही जणांना उद्याही ती घ्यायची आहे. म्हणून उद्याचं पहिलं सत्र अकराला ठेवलं आहे, आणि त्यांच्या खुर्च्या पुढच्या रांगेत राखून ठेवल्या आहेत.